वारसा आणि त्यावरचा बोजा



जुन्या गोव्याला कधीच गेले नाही असे ख्रिस्ती घर आपल्या भागात विरळाच. २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात संत फ्रान्सिस झेवियर यांचे पवित्र अवशेष से कॅथेड्रलमध्ये दर्शनासाठी ठेवले होते. तेव्हा आजारी माणसांना आणि लहान मुलांना सोबत घेऊन कितीतरी कुटुंबे तिथे गेली. एरवीही बों जेझूच्या बासिलिकेत गुडघे टेकायचे, मेणबत्ती लावायची, मिस्सा मिळाली तर ऐकायची, फोटो काढायचे आणि अंधार पडायच्या आत पत्रादेवीचा नाका ओलांडून घरचा रस्ता धरायचा, असा आपला क्रम असतो. यात गैर काहीच नाही. परंतु ज्या भूमीवर आपण गुडघे टेकतो, त्या भूमीचे आपण काही देणे लागतो का, हा प्रश्न त्या गर्दीत सहसा सुचत नाही.

तो सुचावा अशी एक वस्तू तिथेच उभी आहे. मांडवीच्या धक्क्याकडून वर आले की व्हाइसरॉयची कमान लागते. वास्को द गामाच्या पणतूने ती १५९९ च्या सुमारास उभारली. कमान ओलांडली की थोड्याच अंतरावर रोमच्या सेंट पीटर्सच्या धर्तीवर बांधलेले सेंट कॅजेटनचे चर्च दिसते. त्याच्या आवारात काळ्या दगडाची एक चौकट एकटीच उभी आहे. भिंती नाहीत, छप्पर नाही, नुसते दार. विजापूरच्या आदिलशहाच्या वाड्याचे एवढेच शिल्लक राहिले. पुढे याच वाड्यात पोर्तुगीज व्हाइसरॉय राहत असत. चौकटीच्या खांबांची घडण मात्र सरळसरळ देवळाच्या दाराची आहे. म्हणजे आधी देवळाच्या घडणीचा दगड, मग सुलतानाचा वाडा, मग व्हाइसरॉयचे घर आणि आज चर्चच्या अंगणातले अवशेष. आपले यात्रेकरू बहुधा त्याच्या बाजूने निघून जातात.

युरोपातल्या, विशेषतः दक्षिणेकडच्या जुन्या शहरांत असे एकावर एक थर सर्रास सापडतात. स्पेनमधील कॉर्दोबाचे कॅथेड्रल म्हणजे आठव्या शतकात बांधायला घेतलेली मशीद. १२३६ साली ती चर्च झाली आणि सोळाव्या शतकात तिच्या खांबांच्या रानात मधोमध नवे बांधकाम घुसवले गेले. रोममध्ये सेंट क्लेमेंटची बासिलिका आहे, बाराव्या शतकातली. १८५७ साली फादर जोसेफ मलूली या आयरिश डोमिनिकन धर्मगुरूंनी तिच्या खाली खणायला सुरुवात केली. खाली चौथ्या शतकातले चर्च निघाले, आणि त्याच्याही खाली मिथ्र नावाच्या देवाचे उपासनास्थान. आज जिना उतरून हे सगळे पाहता येते आणि वर मिस्साही होते. आपल्या वेदीखाली काय आहे हे त्या धर्मगुरूंनी स्वतःच्या हाताने उघडून दाखवले, ही मला त्या चर्चमधली सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

जुन्या गोव्याच्या भूमीखाली काय आहे? अल्बुकर्कने हे शहर २५ नोव्हेंबर १५१० रोजी, सेंट कॅथरिनच्या सणादिवशी जिंकले. नंतरचे काही दिवस शहरातल्या मुसलमानांची कत्तल चालली होती, हे त्याने स्वतः राजाला पत्राने कळवले आहे. (त्याला गोव्यावर चालून यायला प्रवृत्त करणारा तिमय्या हा हिंदू सरदार होता, इतिहास कुणाचीच सोय पाहत नाही.) १५४० पासून तिसवाडीतली देवळे पाडली गेली. १५६० ते १८१२ पर्यंत, मधली काही वर्षे सोडली तर, इन्क्विझिशनचे न्यायालय चालले आणि त्याचा सर्वांत जास्त जाच झाला तो नव्याने ख्रिस्ती झालेल्या माणसांनाच. ज्या संताच्या पायाशी आपण जातो, त्यांनी स्वतः १५४६ साली पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यासाठी हे न्यायालय मागितले होते. त्याच राजाला त्यांनी पोर्तुगीज अधिकाऱ्यांच्या लोभाबद्दलही कडक शब्दांत लिहिले. दोन्ही पत्रे एकाच हातची आहेत.

आता कोणी म्हणेल, त्याला चारशे-पाचशे वर्षे झाली, आम्ही काय केले? प्रश्न योग्य आहे आणि पवित्र शास्त्राचा आधारही त्याला आहे. बापाचा दोष मुलाच्या माथी येत नाही, असे यहेज्केल संदेष्टा अठराव्या अध्यायात निःसंदिग्धपणे सांगतो. पण त्याच शास्त्रात नहेम्या प्रार्थनेला बसतो तेव्हा आपल्या पापांबरोबर वाडवडिलांची पापेही देवापुढे मांडतो. मग खरे कोणाचे?

दोघांचेही, असे मला वाटते, आणि त्यासाठी धर्मपंडित व्हायला नको. आजोबांची कलमांची बाग नातवाला वारसाने मिळते. सातबारा काढला की इतर हक्कात सोसायटीचा बोजा दिसतो. कर्ज नातवाने घेतलेले नाही, त्याबद्दल त्याला कोणी दोषीही धरणार नाही. पण बाग हवी आणि बोजा नको, हे तलाठी ऐकून घेत नाही. शेजाऱ्याच्या सातबाऱ्यावरही बोजा आहे, असे सांगूनही आपला कमी होत नाही. आदिलशहाने केले, त्याच्या आधीच्यांनी केले, हा युक्तिवाद म्हणूनच मला लंगडा वाटतो. १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी सेंट पीटर्समध्ये ख्रिस्तसभेच्या लेकरांनी केलेल्या अपराधांबद्दल, सत्याच्या नावाखाली वापरलेल्या जबरदस्तीबद्दलही, देवाकडे जाहीरपणे क्षमा मागितली. मेलेल्यांच्या वतीने क्षमा मागणारे हे कोण, अशी टीका तेव्हा चर्चमधूनही झाली. पण पोपमहाशय स्वतःला अपराधी म्हणवत नव्हते. ते वारस म्हणून बोलत होते.

या वारशात बागही आहे, हे विसरून चालणार नाही. इंग्लंडहून १५७९ साली गोव्यात आलेले फादर थॉमस स्टीफन्स इथल्या लोकांकडून मराठी शिकले आणि त्यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण लिहिले. ते १६१६ साली राशोलला छापले गेले. त्याच गोव्यात १६८४ साली सरकारी हुकूम निघाला, की लोकांनी आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावे. आपण आज मराठीत प्रार्थना करतो तेव्हा कोणाच्या बाजूचे वारस आहोत, ते उघड आहे.

आपल्यातल्या कित्येक घराण्यांचे मूळ गोव्यातच आहे. कोणी दुष्काळामुळे आले, कोणी रोगराईमुळे, कोणी कराला कंटाळून, कोणी छळाच्या भीतीने. नदी ओलांडून माणसे गेली, तसे देवही गेले. दिवाडी बेटावरचा सप्तकोटेश्वर पलीकडे डिचोलीतल्या नार्वे गावी नेला गेला. मालवणचा सिंधुदुर्ग बांधून झाल्यावर, १६६८ साली, शिवाजी महाराजांनी तिथले देऊळ पुन्हा बांधवले. जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून दिवाडीला फेरीबोट जाते. टेकडीवर पियेदादचे सुंदर चर्च आहे आणि त्याच्या दफनभूमीत कदंबांच्या काळातल्या कोरीव कामाचा एक तुकडा अजून उभा आहे.

तेव्हा पुढच्या वेळी मुलांना घेऊन गेलात, तर बासिलिकेतून निघाल्यावर त्यांना काळ्या दारापाशी न्या. हे कोणाचे, असे त्यांनी विचारले तर क्रमाने सगळे सांगा, आपल्याला न आवडणारा भागही. शाळेत किंवा वाडीत कोणी त्यांना टोचून बोलले, की तुमच्या लोकांनी आमची देवळे पाडली, तर त्यांना भांडावे लागू नये आणि मान खाली घालावीही लागू नये. "हो, पाडली, मी ती जागा पाहिली आहे," असे शांतपणे म्हणता आले पाहिजे. एवढे म्हणणाऱ्या मुलाशी पुढे बोलणे होऊ शकते.

परतीच्या वाटेवर म्हापसा लागते. तिथली मिलाग्रीस सायबीण ही शिरगावच्या लईराई देवीची बहीण, असे गोव्यातले हिंदू मानतात. सात बहिणींपैकी एक ख्रिस्ती झाली, अशी ती कथा आहे. ईस्टरनंतर तिच्या फेस्ताला हिंदू भाविक तेल घेऊन ख्रिस्ती लोकांच्या रांगेत उभे राहतात. आपल्या धर्मप्रांताचे सावंतवाडीचे कॅथेड्रलही मिलाग्रीस मातेचेच आहे.