मोतीबिंदू, दैव आणि दान

म्हातारपणी दिसेनासे झाले तर ते भोग म्हणून सोसावे की त्यावर इलाज करावा, हा प्रश्न भारतीय परंपरेला नवा नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात तो आयुष्याच्या संदर्भात येतो. सगळ्यांचे आयुष्य आधीच ठरलेले असते, तर औषधोपचारांना काही अर्थच उरला नसता, असे तिथे म्हटले आहे. दैव आणि पुरुषकार, म्हणजे माणसाचा प्रयत्न, या दोहोंवर आयुष्य अवलंबून असते, हा चरकाचा निर्णय. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात तर लिंगनाशावरील, म्हणजे मोतीबिंदूसारख्या दृष्टिनाशावरील, शस्त्रक्रियेचे वर्णनच आहे. कर्मसिद्धांत दुःखाचे कारण सांगतो; ते तसेच राहू द्यावे, असे सांगत नाही.

तरीही ‘आता वय झालं, असंच चालायचं’ हे वाक्य घरोघरी ऐकू येते. बहुतेक वेळा ते वैराग्यातून आलेले नसते. ते नाइलाजातून येते, आणि पुष्कळदा घरच्यांच्या सोयीतूनही. डोळ्यातील भिंगाची प्रथिने वयोमानाने गढूळ होतात तो मोतीबिंदू. ते भिंग काढून कृत्रिम भिंग बसवले की दृष्टी बहुधा परत येते. तो ‘पिकेपर्यंत’ थांबण्याचीही आता गरज नसते. काचबिंदूचे तसे नाही. त्यात गेलेली दृष्टी परत मिळत नाही, उरलेली तेवढी जपता येते. म्हणून चाळिशीनंतर अधूनमधून तपासणी हवी, मधुमेह असेल तर दरवर्षी. जे टाळता येत नाही ते शांतपणे स्वीकारणे याला तत्त्वज्ञानात मोल आहे. टाळता येण्याजोगे अंधत्व दुसऱ्याने सोसावे आणि आपण त्याला प्रारब्ध म्हणावे, ही मात्र उपेक्षाच.

इलाज आहे म्हटल्यावर पुढचा प्रश्न येतो: तो गरीब वृद्धाला कोणत्या नात्याने द्यायचा? गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार आहेत. परतफेडीची अपेक्षा न ठेवता, द्यायलाच हवे म्हणून दिलेले दान सात्त्विक. अनादराने, तुच्छतेने दिलेले तामस. म्हणजे काय दिले याइतकेच कसे दिले यालाही महत्त्व आहे. दात्याच्या नावाचा मोठा फलक, रांगेत बसवलेले म्हातारे आणि शस्त्रक्रियेनंतर विचारपूस करायला कोणी नाही, अशी शिबिरे या कसोटीवर उतरत नाहीत, भिंग उत्तम बसले असले तरी.

मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाचे उदाहरण इथे विचारात घेण्याजोगे आहे. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी हे श्रीअरविंदांचे अनुयायी. संधिवाताने बोटे वाकडी झालेली असूनही ते शस्त्रक्रिया करीत. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर, 1976 मध्ये, त्यांनी 11 खाटांचे रुग्णालय काढले. पैसे देणाऱ्या रुग्णांच्या शुल्कातून इतरांचे उपचार मोफत किंवा अगदी अल्प दरात होतात. मोफत विभागात जायचे की पैसे भरायचे हे रुग्ण स्वतः ठरवतो. त्याच्याकडे गरिबीचा पुरावा मागितला जात नाही. परदेशी कृत्रिम भिंगे परवडेनात, तेव्हा 1992 मध्ये ‘ऑरोलॅब’ स्थापन करून ती इथेच स्वस्तात बनवली गेली. या व्यवस्थेत दाता दिसतच नाही. पैसे भरणाऱ्याने आपल्या उपचारांचे मोल दिलेले असते, आणि मोफत उपचार घेणाऱ्याला कोणा एकापुढे वाकावे लागत नाही.

तरी शस्त्रक्रिया फुकट असणे पुरेसे ठरत नाही. बसभाडे, सोबत येणाऱ्याची बुडणारी मजुरी, जेवणखाण हा खर्च उरतोच. अरविंदने गावात तपासणी करून रुग्णांना बसने रुग्णालयात नेण्याआणण्याची आणि जेवणाची सोय केली, ती यासाठीच. म्हाताऱ्या बायकांची अडचण आणखी वेगळी. आजोबांच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया आधी होते. आजीचे काम चुलीपाशी, तिथे चाचपडत का होईना निभते, असे घरातले धरून चालतात, आणि बहुतेकदा तीही तसेच म्हणते. तिच्या या ‘नको’ला संतोष मानायचे की सवय, हे ठरवण्याआधी उपचार तिच्या दारापर्यंत पोचलेला असायला हवा. मिळू शकत असलेली गोष्ट नाकारली, तरच त्या नकाराला त्याग म्हणता येते.