कुझ्नेट्सची कमान

अर्थशास्त्रज्ञ सायमन कुझ्नेट्स यांनी उत्पन्नातल्या विषमतेवर १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधातच सांगून ठेवले होते, की यात माहिती फार तर ५ टक्के, बाकी ९५ टक्के अंदाज. हाताशी आकडे होते ते अमेरिका, इंग्लंड, जर्मनीचे. तर्क असा, की माणसे शेती सोडून कारखान्यांकडे वळू लागली की आधी उत्पन्नातली दरी रुंदावते. बहुतेक जण शहरात स्थिरावले, संघटित झाले की ती अरुंद होत जाते. पुढे इतरांनी या तर्काची कमान आखली आणि पाठ्यपुस्तकांत कमानच तेवढी उरली. राज्यकर्त्यांच्याही ती पथ्यावर पडली. विषमता वाढतेय? वाढू द्या, देश श्रीमंत झाला की ओसरेल!

तैवान आणि दक्षिण कोरियाने मात्र थांबून पाहिले नाही. तिथे जमिनीचे फेरवाटप आधी झाले, कारखाने मागून आले. आपल्याकडे पुण्याच्या गोखले संस्थेतून वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये दाखवले, की विकासाची फळे मुख्यतः वरच्या ४० टक्क्यांतच राहिली. ती आपोआप खाली झिरपतील यावर त्यांचा भरवसा नव्हता. गावोगाव सार्वजनिक कामे काढा, असे त्यांचे म्हणणे.

कमानीला मोठा तडा गेला तो फ्रेंच अर्थशास्त्रज्ञ थॉमस पिकेटी आणि सहकाऱ्यांनी प्राप्तिकराची जुनी दप्तरे उघडली तेव्हा. श्रीमंत देशांतली विषमता विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात घटली हे खरे, पण त्यामागे दोन महायुद्धे, मंदी आणि जबर कर होते. १९८० नंतर कर उतरले, कामगार संघटना खिळखिळ्या झाल्या आणि अमेरिकेत दरी पुन्हा वाढली. युरोपात त्या मानाने कमी. भारतात वरच्या १ टक्क्याचा उत्पन्नातला वाटा १९८०च्या सुमारास ६ टक्क्यांपर्यंत उतरला होता, तो आता २२ टक्क्यांच्या घरात आहे. हाही अंदाजच म्हणा. करदाते मूठभर, बाकीच्यांचा हिशेब पाहण्यांवरून जुळवावा लागतो. ब्राझीलमध्ये उलटे घडले: किमान वेतन वाढले, गरीब कुटुंबांना थेट अनुदान मिळाले आणि या शतकाच्या पहिल्या दशकात विषमता कमी झाली. दरम्यान चीन वर आल्याने देशादेशांतली दरी घटली, देशांच्या आतली बऱ्याच ठिकाणी वाढली.

मोजमापाचा घोळ अजून मिटलेला नाही. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने जागतिक बँकेचा २५.५ हा गिनी निर्देशांक (तो जितका कमी, तितकी विषमता कमी) पुढे करून भारत समानतेत जगात चौथा असल्याचे सांगितले. हा आकडा घरखर्चाच्या पाहणीतून आलेला आहे. अनेक देशांचे आकडे उत्पन्नाचे असतात. पाहणीचा माणूस चाळीत आला तर घरातली बाई त्याला तेल, तांदूळ, रॉकेलचा हिशेब देते. टॉवरमध्ये तो बहुधा वॉचमनच्या पुढे जातच नाही. आणि गेलाच, तरी पगार वीसपट झाला म्हणून कोणी वीसपट जेवत नाही. वाढीव पैसा शेअर, जमीन, दुसऱ्या फ्लॅटमध्ये जातो, आणि तो रकाना पाहणीच्या खर्चाच्या तक्त्यात नसतो.