टॅग जुळल्याशिवाय जुना सर्व्हर बंद करू नकोस

नारायणगाव

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

ताईकडून कळलं, सबव्हर्जनवरचं सगळं गिटवर न्यायचं काम तुझ्या गळ्यात पडलंय आणि टॅग जुळेनात म्हणून तू रात्र रात्र जागतेस. आधी पोटभर जेव, मग हे वाच.

अगं, सबव्हर्जनला टॅग असं वेगळं काही ठाऊकच नाही. ‘टॅग्ज’ नावाच्या फोल्डरात केलेली कॉपी, एवढंच. म्हणून ‘गिट एसव्हीएन’ त्या कॉप्या रिमोट ब्रँच म्हणून आणून ठेवतं. प्रत्येकीवर खरा टॅग तुलाच लावायचा आहे. अ‍ॅनोटेटेड लाव, कारण साधा टॅग ‘गिट डिस्क्राइब’ आपणहून धरत नाही. तारीख मात्र आजची पडते. जुनी हवी तर कमिटर डेट आधी देऊन ठेव. आणि नुसत्या पुशने टॅग वर जात नाहीत, वेगळे पाठवावे लागतात. एवढ्यावरून ‘टॅग हरवले’ म्हणून रडणारी मुलं हिंजवडीत बरीच पाहिली.

खरी गोम पुढे आहे. आजोबांच्या सातबाऱ्याची ती झेरॉक्स आठवते, जिच्यावर कुणीतरी नंतर पेनाने आकडा बदलला होता? सबव्हर्जनच्या टॅगमध्येही असंच मागाहून कमिट करता येतं. रिलीजच्या रात्री कुणी घाईत एखादी फाइल तिथेच दुरुस्त केली असेल, तर तो कमिट ट्रंकवर सापडणारच नाही. म्हणून टॅग ट्रंकच्या जवळच्या कमिटवर ‘बसवून’ टाकू नकोस. गिऱ्हाइकाकडे गेलेला कोड टॅगमधलाच आहे, बाळा. नावापुढे @ आणि आकडा लागलेल्या ब्रँच दिसतील, त्या त्याच नावाच्या जुन्या रिव्हिजनच्या. बहुतेक वेळा काढून टाकता येतात, पण आधी लॉग बघ.

इकडे उसात बिबट्या फिरतोय. रात्रीची लाइट आली तरी मामी मला एकट्याला मोटर चालू करायला सोडत नाही. तूही उशिरा एकटी घरी जाऊ नकोस. खोडदला विज्ञान दिनाला नेलं होतं ते आठवतं का? दुर्बिणीच्या तीस अँटेना ऐकून तू मोजत बसलीस आणि मधल्या चौदाच भरल्या म्हणून हिरमुसलीस. उरलेल्या सोळा तीन दिशांना दूरवर पसरलेल्या.

मोजायची सवय चांगलीच, पण टॅगचा नुसता आकडा जुळून भागत नाही. जुन्यातून प्रत्येक टॅग एक्स्पोर्ट कर, गिटमधून तोच चेकआउट कर आणि दोन्ही फोल्डरांचा डिफ काढ. रिकामे फोल्डर गिट ठेवत नाही, एक्स्टर्नल्स येत नाहीत, कीवर्ड्सच्या ओळी वेगळ्या दिसतात. तेवढे फरक सोड. बाकी एकही फरक सोडू नकोस. ‘जीसीसी’वाले २०२० च्या जानेवारीत गिटवर गेले, त्याआधी कोणत्या साधनाने न्यायचं यावरच त्यांचा वर्षानुवर्षं खल चालला होता. तुझ्या साहेबांना दोन आठवडे जास्त लागले तर काय बिघडलं?

तोवर जुना सर्व्हर बंद करू देऊ नकोस. कमिट थांबव, वाचण्यापुरता चालू ठेव, बॅकअप दुसऱ्या जागी घे. साहेब घाई करतील. तोंडी होकार देऊ नकोस, ई-मेलवर लिहून माग.

घोडेगावहून इंद्रायणी तांदूळ आणलाय, ताईबरोबर पाठवतो. पहिला टॅग जुळला की फोन कर, कितीही वाजले असले तरी.

तुझा,
मामा