‘आपण’मध्ये कोण कोण?

मित्राला व्हॉट्सॲपवर ‘आम्ही रविवारी हरिश्चंद्रगडावर चाललोय’ असं लिहिलं, की त्याला लगेच कळतं की आपल्याला बोलावलेलं नाही. ‘आपण रविवारी चाललोय’ असं लिहिलं असतं, तर तो बॅग भरायला लागला असता. फरक एका शब्दाचा, पण आत कोण आणि बाहेर कोण याचा निकाल तिथेच लागतो. इंग्रजीतल्या ‘वी’ला हे जमत नाही, हिंदीतल्या ‘हम’लाही नाही. तिथे ‘तूसुद्धा’ किंवा ‘तू सोडून’ असं वेगळं सांगावं लागतं.

तमिळला मात्र हे जमतं. ऐकणाऱ्याला धरून बोलायचं तर ‘नाम्’, वगळून बोलायचं तर ‘नांगळ्’. तेलुगूत ‘मनमु’ आणि ‘मेमु’. मराठीला ही सोय द्रविड भाषांच्या शेजारामुळे मिळाली, असं अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. हा एकच पुरावा नाही. ‘पाऊस आला म्हणून थांबलो’ यातला ‘म्हणून’ बघा. पाऊस काही म्हणाला नव्हता! पण ‘म्हणणे’ या क्रियापदापासून कारण सांगणारा शब्द बनवायची ही रीत तमिळच्या ‘एन्ऱु’त आहे आणि कन्नडच्या ‘एंदु’तही. ‘ळ’ तर आपल्या अभिमानाचाच विषय. प्रमाण हिंदीत तो नाही. कन्नड, तेलुगू, तमिळमध्ये आहे. तमिळमध्ये ल आणि ळ यांच्या पलीकडे तिसराही एक उच्चार आहे, ज्यासाठी देवनागरीत ‘ऴ’ हे अक्षर केलं गेलं. ‘तमिऴ’ या नावाच्या शेवटी तोच आहे.

म्हणजे ज्या भाषेला आपण ‘दक्षिणेकडची’ म्हणून लांब ठेवतो, तिच्या घराण्याच्या खुणा आपल्या रोजच्या वाक्यात आहेत. आणि त्या घराण्यातली एक भाषा पाहायला चेन्नईला जायची गरजही नाही.

मी खर्ड्याचा. जामखेड तालुक्यातलं, अहिल्यानगर जिल्ह्याच्या कडेचं हे गाव लोकांना १७९५च्या मराठे-निजाम लढाईमुळे माहीत असतं. आमच्या भागात टोपल्या, कणग्या, डाली विणणारा कैकाडी समाज आहे. बाजारात गिऱ्हाइकाशी मराठी बोलणारी ही माणसं आपापसात वेगळंच काही बोलतात. ती कैकाडी भाषा. तिला लिपी नाही आणि ती मराठीची बोली नाही. ती द्रविड कुळातल्या दक्षिणेकडच्या शाखेची, तमिळच्या जवळची. शतकानुशतकं मराठी मुलखात फिरल्यामुळे तिच्यात मराठी भरपूर मिसळली आहे, पण तिचं मूळ घर तेच.

या भाषेची नोंद शंभर वर्षांपूर्वी दोन वेगळ्या प्रकारच्या लोकांनी घेतली. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा चौथा खंड १९०६मध्ये निघाला. त्यात कैकाडी तमिळच्या बोलींमध्ये मांडलेली आहे. दोनच वर्षांनी, १९०८मध्ये, केनेडी नावाच्या पोलीस अधिकाऱ्याचं मुंबई इलाख्यातल्या ‘गुन्हेगार’ जमातींवरचं पुस्तक आलं. पोशाख, राहणी, उपजीविका यांच्याबरोबर बोलण्याची ढबही त्यात ओळख पटवण्याची खूण म्हणून येते. भाषा तीच, पण एकाला त्यात व्याकरण दिसलं आणि दुसऱ्याला संशय. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का कैकाड्यांवरही बसला होता. तो कायदा १९५२मध्ये गेला. संशय कायद्याबरोबर गेला नाही. ‘यांची काहीतरी चोरटी भाषा असते’ हे वाक्य मी लहानपणी शिकल्या-सवरलेल्या माणसांच्या तोंडून ऐकलं आहे. आपल्याला कळत नाही म्हणजे ते आपल्यापासून लपवण्यासाठीच बोललं जातंय, असा त्यामागचा तर्क. पुण्यात दोन तमिळ इंजिनिअर लिफ्टमध्ये बोलत असतात तेव्हा हा तर्क कुणाला सुचत नाही.

आता याची उलट बाजू पाहा. व्यंकोजीराजांबरोबर सतराव्या शतकात तंजावरला गेलेल्या मराठ्यांचे आणि त्यांच्या पदरी गेलेल्यांचे वंशज आजही घरात मराठी बोलतात. त्या मराठीत तमिळ मिसळलेली आहे, ऐकताना गंमत वाटते, आणि आपला ऊर भरून येतो: बघा, साडेतीनशे वर्षं परक्या मुलखात भाषा जपली! बरोबरच आहे. पण कैकाड्यांनीही नेमकं हेच केलं, फक्त उलट्या दिशेनं. तमिळच्या घराण्यातली भाषा त्यांनी मराठी मुलखात टिकवली, तीही राजवाडा नसताना, सरस्वती महालासारखं ग्रंथालय नसताना. भाषाशास्त्राच्या नजरेनं दोन्ही गोष्टी सारख्याच. एकीला आपण वारसा म्हणतो आणि दुसरीला गावंढळ बोली. हा फरक व्याकरणातून आलेला नाही. तो बोलणाऱ्याच्या मागे सिंहासन होतं की पोलिसांचं रजिस्टर, यावरून ठरला आहे.

इथे खरा नैतिक प्रश्न येतो. कैकाडी आई-वडील मुलांशी घरातही मराठीच बोलू लागले, तर त्यांना दोष द्यायचा का?

एक उत्तर तयार असतं: भाषा हे साधन आहे, उपयोग संपला की टाकून द्यावं. दुसरंही तयार असतं: भाषा म्हणजे ठेवा, तो त्यांनी जपलाच पाहिजे. मला दोन्ही उत्तरं बाहेरून दिलेली वाटतात. पहिल्यात किंमत दिसत नाही, दुसऱ्यात ती किंमत दुसऱ्यानं मोजायची असते. स्वतःच्या पोरांना इंग्रजी शाळेत घालून कैकाड्यांना ‘तुमची भाषा जपा’ असं सांगणं सोपं आहे.

आई-वडील भाषा का सोडतात? मुलाला हसू नये म्हणून. याला दोष देता येणार नाही. ती माया आहे. मराठी घरातले पालक इंग्रजी निवडतात तेव्हाही तीच काळजी असते. पण दोन निवडींमध्ये एक मोठा फरक आहे. मराठीपासून लांब गेलेल्या मुलाला परत यायची वाट आहे: पुस्तकं आहेत, पाट्या आहेत, फोनमध्ये कीबोर्ड आहे, ३ ऑक्टोबर २०२४पासून अभिजात भाषेचा दर्जाही आहे. कैकाडी घरातल्या मुलाला परतीची वाट फक्त आजीच्या तोंडात आहे. आजी गेली की वाट बंद. लाज वाटायला लावून करून घेतलेली आणि परत फिरवता न येणारी निवड, हिला ‘त्यांची मर्जी’ म्हणून हात झटकता येत नाहीत.

लाज कुठून येते तेही पाहू. तमिळच्या मूळ उच्चारांत ख, घ, भ असे महाप्राण नाहीत. निर्जीव वस्तूंना तिथे पुरुष-स्त्री असं लिंगही नाही. ते व्याकरण नामाला आधी एकच विचारतं: हे माणसांत (किंवा देवांत) मोडतं, की इतर सगळ्यांत? डबा, वही, पुस्तक सगळे एकाच रांगेत. आता त्या घराण्यातली भाषा बोलणाऱ्या घरातलं एखादं मूल पहिलीच्या वर्गात ‘बाकरी’ म्हणालं किंवा ‘ते वही’ म्हणालं, तर ते चुकलेलं नसतं. ते एका व्याकरणातून दुसऱ्यात येत असतं. हे माहीत असलेल्या गुरुजींच्या वर्गात ते मूल दोन भाषांचं धनी ठरतं. माहीत नसलेल्यांच्या वर्गात ‘ढ’ ठरतं. तिसरीपर्यंत ते गप्प राहायला शिकतं.

मी सॉफ्टवेअर लिहितो, म्हणून आणखी एक गोष्ट डोळ्यांत येते. जगभरच्या भाषांच्या प्रमाणित यादीत कैकाडीला तीन अक्षरी कोड आहे, ‘के-ई-पी’. पण ॲपमधल्या भाषांच्या यादीत आपण सहसा अनुसूचीतल्या बावीस भाषा घेतो आणि काम संपलं म्हणतो. जनगणनेच्या तक्त्यात कैकाडीचे भाषक तमिळच्या रकान्याखाली मोजले जातात. म्हणजे दिल्लीत ती तमिळ, शाळेच्या दाखल्यावर मराठी, आणि फक्त घरात कैकाडी.

संविधानाच्या अनुच्छेद ३५०-क मध्ये भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं, अशी अपेक्षा आहे. २०२५मध्ये पहिलीपासून हिंदीचा विषय पेटला, तेव्हा आपण सगळे म्हणालो की लहान मुलाच्या डोक्यावर आधी त्याची मातृभाषा हवी. सरकारनं २९ जूनला निर्णय मागे घेतला. तो युक्तिवाद मला पटला होता, आजही पटतो. पण युक्तिवाद खरा असेल तर तो आपल्यापाशी थांबत नाही. हिंदीपुढे मराठी मुलाला जे मिळायला हवं, तेच मराठीपुढे कैकाडी मुलाला मिळायला हवं.

याचा अर्थ उद्यापासून कैकाडी माध्यमाची शाळा काढा, असा नाही. ती हवी का, हे त्या समाजानं ठरवावं. लक्ष्मण माने यांनी ‘उपरा’ (१९८०) मराठीत लिहिलं, आणि पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. दोन भाषांमध्ये जगणाऱ्या माणसानं कुठली कुठे वापरायची, हा त्याचा हक्क. आपलं काम वेगळं आणि लहान आहे: त्याची भाषा बोलण्याची किंमत कमी करणं. फॉर्मवर तिचं नाव असणं, पहिलीच्या शिक्षकाला ती वेगळी भाषा आहे हे माहीत असणं, बाजारात ती ऐकून कुणी डोळे न मिचकावणं. भाषा टिकेल की नाही हे तेवढ्यानं ठरणार नाही, पण ती सोडायची की ठेवायची हे ठरवणारा माणूस मोकळा असेल.

‘आपली मराठी’ म्हणताना आपण जो ‘आपण’ वापरतो, तो शब्दच ऐकणाऱ्याला आत घेण्यासाठी आहे. ती सोय जिच्या घराण्याकडून आली, त्याच घराण्याची एक भाषा आपल्याच बाजारात दबक्या आवाजात बोलली जात असेल, तर आपण व्याकरण घेतलं आणि अर्थ तिथेच ठेवला, असं म्हणावं लागेल.