कोरे पत्र आणि शेवटची वारी

आमच्या दिंडीत धुळ्याकडचे एक म्हातारबाबा असत. मुक्ताईनगराहून पालखी निघाली की पहिल्याच मुक्कामी पडशी खाली ठेवून ते जाहीर करीत, "माउली, ही आपली शेवटची वारी बरं का! पुढची आषाढी काही आपण पाहत नाही." आणि काल्याच्या दिवशी पंढरीत दिंडीचालकांच्या हाती पुढच्या वर्षाची भिशी आगाऊ ठेवीत! वर बजावीत, "नाव नीट लिहा हो, मागल्या खेपेला काना गिळलात." असे सात-आठ वर्षे चालले. आम्ही हसत असू, तेही हसत.

आता यातले कोणते बोलणे खरे मानावे? कीर्तनात आपण ऐकतो, देह नाशिवंत, श्वासाचा भरवसा नाही, आणि पंढरी सोडताना देवाला सांगतो, "येतो रे पुढल्या वर्षी." मग ही आशा म्हणजे लबाडीच नव्हे काय?

उत्तर आपल्या खानदेशातच, तापी-पूर्णेच्या संगमावर आहे. तिथे चांगदेव गाव आहे, चांगदेवांचे मंदिर आहे. परंपरा सांगते, काळाला चुकवीत ते चौदाशे वर्षे जगले. ज्ञानदेवांची कीर्ती ऐकून पत्र लिहायला बसले, तो मायन्यापाशीच गाडी अडली! 'चिरंजीव' लिहावे, तर समोरचा ज्ञानाने थोर. 'तीर्थस्वरूप' लिहावे, तर आपल्या चौदाशे वर्षांचा मान जातो. शेवटी कोरा कागदच धाडला. मुक्ताई हसली, एवढे जगून हा कोराच राहिला म्हणून! ज्ञानदेवांनी मात्र त्या कोऱ्या कागदाला पासष्ट ओव्यांचे उत्तर दिले. तीच 'चांगदेव पासष्टी'. पुढे चांगदेवांनी त्याच मुक्ताईला गुरू केले. ती शके १२१९ मध्ये, म्हणजे इ. स. १२९७ साली, तापीतीरी मेहूणला गुप्त झाली, तेव्हा परंपरेच्या हिशेबाने तिचे वय अवघे अठरा!

चांगदेवांना मरण टाळायचे होते आणि मानही हवा होता. म्हातारबाबांना दोन्हींची फिकीर नव्हती. त्यांची भिशी ही 'मी जगेन' अशी पैज नव्हे. मी असो नसो, वारी असेल, ही खात्री होती. अशी आशा लबाडी कशी ठरेल?

पण एक गोष्ट आम्हांला अजून बोचते. एका वर्षी म्हातारबाबा तेच वाक्य हळू आवाजात, फक्त आम्हा दोघा-तिघांजवळ बोलले. आम्ही सवयीने हसलो. त्या दिवशी त्यांना हसणारे नव्हे, जवळ बसणारे कुणी हवे होते, हे मागाहून उमगले. माणसाचे बोलणे त्याच्या हयातीत मनावर घेणे आपल्याला जड जाते. आसोद्याला जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी जन्मभर राबताना गात राहिल्या. त्या १९५१ साली गेल्या, आणि गाणी पुस्तकरूपाने आली १९५२ साली!

तेव्हा वारकरी बंधूंनो, आपल्या मरणाची थट्टा आपण खुशाल करावी. पण दुसऱ्याने त्याच्या मरणाचा विषय काढला, तर कोरा कागद समजून हसू नये. ज्ञानदेवांसारखे उत्तर देता आले नाही, तरी जवळ बसावे.

पुढल्या आषाढीला त्यांचा थोरला मुलगा आला, गळ्यात बापाचाच टाळ. दिंडीचालकांनी वही उघडली. भिशी भरलेली होती; आणि नाव या खेपेस कान्यासकट नीट लिहिलेले होते.

रामकृष्णहरि!