जुने जोडे आणि अन्वयार्थाचा अधिकार

ग्युस्ताव्ह दोरे या फ्रेंच चित्रकाराचे ‘डडली स्ट्रीट, सेव्हन डायल्स’ हे चित्र ब्लँचर्ड जेरल्ड यांच्या मजकुरासह १८७२ साली निघालेल्या ‘लंडन : अ पिल्ग्रिमेज’ या ग्रंथात आहे. काष्ठखोदाईतून छापलेली ही गल्ली सेंट जाइल्स परिसरातली. १८४५ नंतरच्या दुष्काळात आयर्लंड सोडून आलेल्यांनी या परिसरातील आधीचीच आयरिश वस्ती अधिक दाट केली होती. चित्राच्या अग्रभागी तळघरांच्या तोंडाशी बसलेल्या स्त्रिया, मुले आणि फरसबंदीवर ओळीने मांडलेले जुने जोडे दिसतात. विस्थापितांच्या दैन्याचे चित्र म्हणून याचे वाचन करण्याचा मोह सहज होतो. ही करुणा चित्रातून उद्भवते की वाचक ती बरोबर घेऊन येतो?

चित्रातील कोणाच्याही चेहऱ्यावर त्याचा देश लिहिलेला नाही. दोरे प्रत्यक्ष स्थळी फारसे रेखाटत नसे. बरेचसे स्मरणातून उतरवी. ठोकळा कोरणारे हात पुन्हा दुसऱ्याच कारागिरांचे. इतक्या चाळण्यांतून आलेल्या चेहऱ्याकडून ‘स्थलांतरिताची वेदना’ वदवून घेणे हे अर्थनिर्णयनापेक्षा जबरीच्या अधिक जवळ जाते. यावर असा आक्षेप संभवतो की, मग कोणत्याच प्रतिमेचा अन्वयार्थ लावता येणार नाही. परंतु आक्षेपकाची नजर चेहऱ्यांवरच खिळलेली असते. जोड्यांकडे तो पाहत नाही.

डडली स्ट्रीटचे पूर्वीचे नाव मॉनमथ स्ट्रीट. येथील जुन्या कपड्यांच्या दुकानांसमोर उभे राहून डिकन्सने १८३६ मध्ये टांगलेल्या पोशाखांतून एका माणसाचे अख्खे आयुष्य कल्पिले होते. तो खेळ निर्दोष होता, कारण कपड्यांना हरकत घेता येत नाही. हीच रीत जिवंत माणसांना लावली की ती त्यांच्या आयुष्यावरचे अतिक्रमण ठरते. हेन्री मेह्यूने १८५१ च्या आपल्या ग्रंथात याच भागातील एका व्यवसायाची नोंद केली आहे : झिजलेले जोडे उसवून, सांधून पुन्हा विक्रीयोग्य करणाऱ्यांना ‘ट्रान्स्लेटर’, म्हणजे चक्क भाषांतरकार, म्हणत. (समीक्षकांनी हे नाव मनावर घेण्यासारखे आहे.) ही नोंद ठाऊक झाली की फरसबंदीवरची ती ओळ वेगळी दिसू लागते. बसलेल्या स्त्रिया हताश आहेत की माल राखीत आहेत, हे चित्र ठरवून देत नाही. पण जोडे ओळीने आहेत आणि ओळ कोणीतरी लावावी लागते. दैन्याच्या वाचनात नेमके हे लावणे, म्हणजे या लोकांचे काम, गळून जाते. उरते ती केवळ वाचकाची हळहळ.

शाफ्ट्सबरी ॲव्हेन्यू १८८६ मध्ये खुला झाला, तोवर ही गल्ली त्यात विरून गेली होती. त्या भागात आज मॉनमथ स्ट्रीट नावाचा जो रस्ता आहे, तो निराळाच. चित्र हाती घेऊन शोधणाऱ्याला तो हमखास चकवतो.