आपल्या कागदांचा वारस कोण?

महाराष्ट्राला आपला इतिहास घराघरांतल्या दफ्तरांनी दिला. वि. का. राजवाडे गावोगाव हिंडले, वाड्यांच्या माळ्यांवर पडलेली बाडे त्यांनी मिळवली, वाचली, उतरवून घेतली, आणि १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड बाहेर आला. पुढे असे २२ खंड झाले. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले तेही याच निष्ठेतून. सरकारी दप्तरात जे सापडेल तेवढाच इतिहास, हे त्या पिढीने मान्य केले नाही. घरगुती पत्र, खर्चाची यादी, वतनाचा तंटा यांतूनही काळ बोलतो, हे त्यांनी आपल्याला शिकवले.

समलिंगी, पारलिंगी आणि तृतीयपंथी माणसांचा या राज्यातला इतिहासही असाच खासगी कपाटांत पडून आहे. तो वाचवण्याचे काम मला राजवाड्यांच्या कामाइतकेच निकडीचे वाटते, आणि एका बाबतीत त्याहून अवघड. राजवाड्यांनी ज्या घरांची दारे ठोठावली त्या घरांना आपल्या पूर्वजांचा अभिमान होता. कागद दाखवायला ती नाखूश असतील, पण पूर्वज लपवावा असे त्यांना वाटत नव्हते. इथे मात्र ज्याचे कागद, त्याच्याच घरच्यांना ते नाहीसे झालेले बरे वाटण्याचा संभव असतो.

सरकारी दप्तरात या माणसांची नोंद नाही असे नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या दुसऱ्या भागाने उत्तर हिंदुस्थानात हिजड्यांच्या नोंदवह्या सुरू केल्या. नाव, राहण्याचे ठिकाण, मालमत्ता, सगळे त्यात लिहून घ्यायचे, आणि नोंद झालेली व्यक्ती बायकी वेशात रस्त्यावर दिसली किंवा नाचली-गायली तर तिला अटक करायची. निजामाच्या राज्यात १३२९ फसली, म्हणजे १९१९ च्या सुमारास, असाच कायदा आला. आपला मराठवाडा तेव्हा त्याच राज्याचा भाग होता. तेलंगण उच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला तो थेट २०२३ साली. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ च्या जुन्या खटल्यांतही माणसे भेटतात ती आरोपी म्हणून किंवा वैद्यकीय तपासणीचा विषय म्हणून. त्यांनी भाड्याची खोली कशी मिळवली, दिवाळीला ती कुणाकडे जेवली, आजारपणात डबा कुणी आणून दिला, यातले अक्षरही त्या कागदांत नाही. तेवढ्यावरच इतिहास लिहिला तर तो एका गुन्ह्याचा इतिहास होईल, माणसांचा होणार नाही.

प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध कलम ३७७ मधून वगळणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालपत्रात न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी, इतिहासाने या समाजाची माफी मागायला हवी, अशा अर्थाचे विधान केले. ते देशभर गाजले आणि गाजायलाच हवे होते. पण नेमकी कशाची माफी, हे सांगण्यासाठी आधी तो इतिहास हाती हवा.

मराठीत त्याचे काही धागे फार जुने आहेत. र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचक लैंगिक प्रश्न विचारीत आणि कर्वे त्यांना सरळ उत्तरे देत. त्यांपैकी काही प्रश्न समलिंगी संबंधांविषयी होते. अशा उत्तरांवरून अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा १९३४ साली कर्व्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला ते हरले, कर्व्यांना दंड झाला. तरीही नव्वद वर्षांपूर्वी मराठी मुलखातल्या वाचकांच्या मनात हा प्रश्न होता, याचा लेखी पुरावा आज आपल्यापाशी आहे. तो उरला कारण कर्व्यांनी तो छापला. न छापलेल्या पत्रांचे नशीब असे नसते.

१९९० साली अशोक राव कवी यांनी मुंबईत ‘बॉम्बे दोस्त’ हे समलिंगी लोकांसाठीचे नियतकालिक सुरू केले. १९९४ साली हमसफर ट्रस्ट, १९९५ साली स्त्री संगम (पुढे तेच ‘लेबिया’ झाले), २००२ साली पुण्यात बिंदुमाधव खिरे यांचा समपथिक ट्रस्ट. या संस्थांचे अहवाल, पत्रके, अंक कुठे ना कुठे सापडतील. मला काळजी आहे ती संस्थांच्या भोवती वावरलेल्या साध्या सभासदांची. रविवारच्या बैठकीला कल्याणहून लोकलने येणाऱ्याची, टपालपेटीच्या क्रमांकावर पत्र पाठवून उत्तराची वाट पाहणाऱ्याची, पहिल्या मोर्चात मुखवटा लावून चाललेल्या मुलीची. अशा माणसाच्या कपाटात काय असते? एखाद्या सहलीचे फोटो, त्यांच्या मागे तारीख आणि फक्त टोपणनावे. वर्तमानपत्राची कात्रणे. घडीवर फाटत आलेली पत्रे. निरोधवाटपाच्या कामाची डायरी. वर्षानुवर्षे जपलेली वाढदिवसाची कार्डे. संस्थेच्या अहवालात ‘बैठकीला उपस्थिती चांगली होती’ एवढेच असते. त्या बैठकीत कोण कुणाच्या शेजारी बसले आणि ते पुढे वीस वर्षे एकत्र कसे राहिले, हे या कपाटात असते.

आता वारशाकडे येऊ, कारण सगळे अडते ते इथेच. आपल्या कायद्यात कागदपत्रे हीसुद्धा मालमत्ताच. माणूस मृत्युपत्र न करता गेला तर ती रक्ताच्या नात्यात जातात: आईवडील, भावंडे, पुतणे. पंचवीस वर्षे सोबत राहिलेला जोडीदार त्या यादीत कुठेच नाही, आणि १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिल्याने तो तिथे येण्याची वाटही सध्या बंद आहे. म्हणजे ज्याला त्या फोटोंतली माणसे ओळखता येतात, त्याचा फोटोंवर हक्क नाही, आणि ज्याचा हक्क आहे त्याला ते फोटो नकोसे आहेत. तेराव्यानंतर खोली रिकामी करायची असते, रद्दीवाला दारात उभा असतो. घरच्यांच्या मनात दुष्टावा असतोच असे नाही. बहुतेक वेळा लाज असते, घाई असते आणि हे कागद कुणाच्या उपयोगाचे आहेत याची कल्पनाच नसते. एचआयव्हीवरची मोफत औषधे सरकारी केंद्रांतून मिळू लागली ती १ एप्रिल २००४ पासून. त्याआधीच्या वर्षांत एड्सने तरुण वयात गेलेल्यांचे सामान कुणी आणि कशा मनःस्थितीत आवरले असेल, याचा विचार केला की या इतिहासात केवढी पोकळी आहे ते कळते.

बर्लिनचे उदाहरण इथे सांगायलाच हवे. डॉ. माग्नुस हिर्शफेल्ड यांनी १९१९ साली तिथे लैंगिक विज्ञानाची संस्था काढली. १९३१ साली ते भारतातही येऊन गेले. मे १९३३ मध्ये नाझींनी संस्था लुटली आणि तिचे ग्रंथालय चौकात जाळले. हिर्शफेल्ड १९३५ साली परागंदा अवस्थेत वारले. त्यांचा तरुण चिनी सहकारी आणि जोडीदार ली शिउ टोंग यांनी त्यांच्या काही वस्तू पुढची जवळजवळ साठ वर्षे देशोदेशी सोबत वागवल्या. ली १९९३ साली कॅनडात व्हँकुव्हरला वारले, तेव्हा त्या वस्तूंची पेटी इमारतीच्या कचऱ्यात गेली. एका शेजाऱ्याला ती टाकवेना, म्हणून त्याने ती उचलून ठेवली. त्यात हिर्शफेल्ड यांची हस्तलिखित वही होती, मृत्यूनंतर घेतलेला त्यांच्या चेहऱ्याचा साचा होता. हुकूमशाहीच्या आगीतून वाचलेली वस्तू घर आवरण्याच्या गडबडीत संपत होती. आपल्याकडे तर रोज कुणाचे ना कुणाचे घर आवरले जाते.

जपण्याच्या बाजूने इतके बोलल्यावर दुसरी बाजूही तितक्याच गांभीर्याने मांडायला हवी. पत्र एकाच्या कपाटात असते, पण त्यात गुपित दुसऱ्याचे असते. तो दुसरा आज नाशिकला नातवंडांत रमलेला असेल. त्याने १९९३ साली विश्वासाने लिहिलेले चार शब्द संशोधनाच्या नावाखाली उघड करण्याचा अधिकार कुणालाही नाही. कायदाही कागद आणि मजकूर वेगळे धरतो: कागद ज्याला पत्र आले त्याचा, मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्यामागे त्याच्या वारसांचा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने लैंगिक कल खासगीपणाच्या हक्कात धरला आहे, तो हक्क पत्रलेखकालाही आहेच. माझे मत असे की कागद जपावेत सगळे, दाखवावेत थोडे. नावे झाकावीत, अमुक वर्षांपर्यंत पाकीट उघडायचे नाही अशी अट घालावी, हयात माणसाला विचारल्यावाचून त्याचा फोटो लावू नये. आणि कुणी म्हणाले की माझी पत्रे मला परत द्या, मला ती जाळायची आहेत, तर द्यावीत. संग्रह त्याने थोडा उणा होईल, पण ज्यांच्यासाठी तो करायचा त्यांचा विश्वास गमावून भरलेली कपाटे काय कामाची?

शिवाय या कपाटांतही सगळे नाहीत. मुंबई-पुण्याचे, इंग्रजी येणारे, स्वतंत्र खोली परवडणारे पुरुष कागद साठवू शकले. सासरी-माहेरी कुठेच कुलूपबंद कपाट नसलेल्या बाईने पत्र वाचून फाडून टाकले. यल्लम्माला सोडलेल्या जोगत्याच्या नावावर कागद म्हणावा असा काही नसतो. हिजडा समाजात घराण्यांची, गुरू-चेल्यांची परंपरा तोंडपाठ असते, पण ती तोंडपाठच असते. इथे कागद शोधण्यापेक्षा म्हाताऱ्या माणसांपाशी जाऊन बसले पाहिजे. ही वाटही मराठीत आधीच मळलेली आहे. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना भेटून, त्यांना बोलते करून १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक दिले. त्या दोघी घरोघर गेल्या नसत्या तर त्या बायकांची नावेही आपल्याला ठाऊक नसती. मुंबईतल्या ‘स्पॅरो’ या संस्थेने १९८८ पासून स्त्रियांची छायाचित्रे आणि आवाज जपले. तीच चिकाटी इथे हवी.

कागद ठेवायचे कुठे, यावर दोन मते आहेत. न्यू यॉर्कच्या लेस्बियन हर्स्टोरी आर्काइव्ह्जने १९७४ साली जोन नेस्ल यांच्या राहत्या घरात सुरुवात केली आणि संग्रह विद्यापीठात नव्हे, समाजातच राहील हे तत्त्व धरले. बेंगळुरूचा ‘क्वामरा’ संग्रह, ज्याचा पाया चित्रपटकार टी. जयश्री यांच्या चित्रफितींनी घातला, तिथल्या नॅशनल लॉ स्कूलच्या आवारात आहे. मला दोन्ही वाटा मान्य आहेत. घरगुती संग्रहाला माया मिळते, पण भाडेकरार अकरा महिन्यांचा असतो. विद्यापीठाला भिंती आणि वातानुकूलन आहे, पण कुलगुरू बदलले की दारे बंद होऊ शकतात. म्हणून मूळ प्रत एकीकडे आणि स्कॅन दुसरीकडे, हे उत्तम. कोकणातली दमट हवा, कसर, वाळवी आणि कॅसेटवरची बुरशी कुणाची वाट पाहत नाहीत. संगणकावर आहे म्हणून निर्धास्त राहण्यातही अर्थ नाही: ऑर्कुट २०१४ साली बंद झाले, याहू ग्रुप्स २०२० साली, आणि तिथले हजारो संवाद त्यांच्याबरोबर गेले.

वारशाच्या अडचणीवर उपाय मात्र आपल्याच हाती आहे. मृत्युपत्र साध्या कागदावर करता येते. करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात, नोंदणीची सक्ती नाही. घर आणि ठेवींच्या ओळींखाली आणखी एक ओळ लिहा: माझी पत्रे, फोटो आणि डायऱ्या अमक्याच्या हाती द्याव्यात, या या अटींवर. ज्याचे नाव लिहाल त्याला ते आजच सांगा. फोटोंच्या मागे पेन्सिलने तारीख आणि गाव लिहून ठेवा, माणसांची नावे त्यांना विचारून. आणि ज्यांच्या हाती मामाचे, काकाचे, आत्याचे असे कपाट अचानक येईल त्यांना एवढीच विनंती: रद्दीवाल्याला बोलावण्याआधी त्यांच्या मित्रमैत्रिणींना एक फोन करा.